साडभाऊंचं उत्तर

वर्धा जिल्ह्यातल्या निम्म्या विहिरींनी केवळ माझ्या साडभाऊंच्या आवाजाला घाबरून पाणी सोडलं असावं, असं माझं ठाम मत आहे. साडभाऊ म्हणजे त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, माझी धाकटी. त्यामुळे आमच्या घरी कुठलाही वाद निघाला की तो शेवटी अल्लीपूरला, साडभाऊंच्या कोर्टात जातो आणि मी हरतो. धंद्यानं ते विहिरीतला खडक फोडणारे. काळ्या दगडाला भोकं पाडायची, त्यात सुरुंगाची दारू भरायची आणि बार उडवायचा, हे काम ते मिसरूड फुटायच्या आधीपासून करत आले. मी विहिरींचे ठेके घेतो. हा धंदा मला कोणी ताटात वाढून दिलेला नाही. याच विहिरींतून डोक्यावर मलबा काढत मी वर आलो. आज माझा ट्रॅक्टर आहे, कॉम्प्रेसर आहे, आणि भाव पाडायच्या कामात देवळीच्या बाजारात माझ्यापुढे कोणी टिकत नाही. टिकला तर तो साडभाऊ माझ्या शेजारी उभे असताना.

कारण त्यांना हळू बोलता येत नाही. उभं आयुष्य विहिरीच्या तळातून वरच्या माणसाशी बोलण्यात गेल्यामुळे समोरचा माणूस हातभर अंतरावर असला तरी तो त्यांना पार काठावर दिसतो. मी जुना कॉम्प्रेसर घ्यायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. सकाळपासून मी त्या मशीनमध्ये खोट काढत होतो. टाकीला गंज आहे म्हटलं, आवाज फाटका आहे म्हटलं, फुकट दिलं तरी नेणार नाही म्हटलं. मालक पार रडकुंडीला आलेला. तेवढ्यात साडभाऊ माझ्या कानाशी वाकले आणि त्यांच्या समजुतीनुसार कुजबुजले, "घेऊन टाका जी, असं मशीन पुन्हा भेटत नाई." समोरच्या हॉटेलातल्या माणसांनी चहाचे कप खाली ठेवून आमच्याकडे पाहिलं. मालक खुर्चीत आरामात मागे टेकला. त्या मशीनला मी जो भाव दिला तो मी माझ्या बायकोलाही सांगितलेला नाही. साडभाऊंनी सांगितला असणार, कुजबुजून.

दुसरी खोड म्हणजे माणसं हटवण्याची. बार उडायच्या आधी माणसं लांब पिटाळायची सवय त्यांच्या हाडात इतकी मुरली आहे की जगात काहीही होण्यापूर्वी लोकांनी मागं सरकलं पाहिजे असं त्यांना वाटतं. सोड्याची बाटली उघडायची असली की आजूबाजूच्यांना सरका म्हणणार. लग्नात फोटोवाला कॅमेरा लावू लागला की हे वऱ्हाड मागं ढकलणार, मग फोटोत नवरानवरी एकटीच. घरी कुकरची पहिली शिट्टी झाली की बायको, सुना, पाहुणे, सगळे अंगणात. माझी मोठी मेव्हणी अशा रिकाम्या केलेल्या स्वयंपाकघरात एकटीनं उभी राहून संसार करत आली. एकदा मी वैतागून म्हटलं की अहो, तिलाही काढा की बाहेर. तर म्हणतात, ती माहीतगार हाये.

पण विहिरीवर हीच खोड बघण्यासारखी असते. बार लावून झाला की साडभाऊ काठावरच्या उंच दगडावर चढतात आणि ओरडतात. आधी आपल्या वऱ्हाडीत, मग मध्य प्रदेशातल्या मजुरांसाठी हिंदीत, मग वडारांसाठी तेलगूत, आणि आष्टीच्या रानाकडे काम असलं तर गोंडीत. यातली एकही भाषा ते शाळेत शिकले नाहीत. शाळेत ते फारसे गेलेच नाहीत. ज्या ज्या माणसाबरोबर कधी काम केलं त्याच्याकडून एवढं मात्र शिकून घेतलं, की बाबा, 'पळ, बार उडणार आहे' हे तुझ्या आईच्या भाषेत कसं म्हणतात. एकदा तळेगावच्या पलीकडे असाच बार भरून तयार होता आणि लांब एक अनोळखी मेंढपाळ आपली मेंढरं घेऊन बसलेला. साडभाऊंनी चारही भाषांत ओरडून पाहिलं. तो गडी हसून हात हलवायचा आणि पुन्हा बसायचा. माझा कॉम्प्रेसर डिझेल पीत होता आणि माझं डोकं फिरत होतं. मी म्हटलं की तुम्ही ओरडलात, तुमचं काम झालं, आता त्याचं तो पाहील. साडभाऊ दगडावरून उतरले, शेत तुडवत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याला दंडाला धरून झाडामागं नेऊन बसवलं. परत आल्यावर मला म्हणाले, "म्या ओरडलो हे काही खरं नाई भाऊ. त्याले समजलं का नाई, हे मले समजलं पाह्यजे."

तेव्हा मला या बोलण्याचा राग आला होता. आता राग येतो तो दुसऱ्यांचा.

झालं असं की इतकी वर्षं साडभाऊ एका म्हाताऱ्या परवानेदाराच्या हाताखाली बार उडवत होते. परवाना त्याचा, हात यांचे. तो वारला आणि दारू पुरवणाऱ्यानं हात वर केले. म्हणाला, आता नियम कडक झाले, बत्ती देणाऱ्या माणसाचा स्वतःचा परवाना पाहिजे. नियम बरोबर होता. दारूशी खेळणाऱ्याची परीक्षा घेतलीच पाहिजे, याबद्दल माझं भांडण नाही. आष्टी तालुक्यात एका गोंड कुटुंबाची विहीर मी घेतली होती, ती नेमकी कडक दगडावर येऊन थांबली होती. पावसाळा दारात. विहीर अर्धवट राहिली तर त्या घराचं आणखी एक वर्ष नाल्याच्या पाण्यावर जाणार होतं आणि साडभाऊंना उतारवयात मजूर म्हणून माझ्याच हाताखाली मलबा उपसावा लागणार होता. तेव्हा मी म्हटलं, परवाना काढू, त्यात काय.

त्यात काय होतं ते देवळीतल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेल्यावर कळलं. अर्ज इंग्रजीत, नियमांचं पुस्तक इंग्रजीत, परीक्षा तोंडी पण तीही इंग्रजीत. इंग्रजीचा आणि माझा जुना दावा आहे. माझा पहिला कॉम्प्रेसर जळाला तेव्हा विम्याच्या कागदावर मुंगीएवढ्या इंग्रजीत काय लिहिलं होतं, ते मला सगळं संपल्यावर समजावून सांगण्यात आलं. समजावणारा माणूस अस्सल मराठी होता, म्हणजे आधी सांगता आलं असतं. तेव्हापासून इंग्रजी कागद दिसला की माझ्या कानशिलातली शीर उडते. कॉम्प्युटरवाला म्हणाला, हिंदीचीही सोय आहे. मला हायसं वाटलं, कारण साडभाऊ दिवसभर मजुरांशी हिंदीतच बोलतात. त्यानं हिंदी पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली. अनुज्ञप्ति, विस्फोटक, प्रज्वलन, भंडारण. साडभाऊ हात जोडून, सत्यनारायणाची पोथी ऐकावी तसे ऐकत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "ही हिंदी कोनत्या गावची हाये जी?" कॉम्प्युटरवाल्यानं पान उलटलं. मला विचाराल तर ती कोणत्याच गावची नाही. कपाटात जन्मलेली आणि कपाटात मरणार.

तरी आम्ही गेलो. मोठ्या शहरातलं कार्यालय, जिना चढून वर लांबलचक व्हरांडा, त्यात उमेदवारांचा बाक. मला आत घेतलं नाही, पण दार उघडं होतं आणि मी दारासमोरच बसलो. साहेब दूरच्या कुठल्या तरी प्रांतातले, तरुण, स्वच्छ, बोलायला मऊ. त्यांनी इंग्रजीत विचारलं, साडभाऊंनी नम्रपणे मान हलवली. साहेबांनी कपाटातल्या हिंदीत विचारलं, साडभाऊंनी आणखी नम्रपणे हलवली. असं बराच वेळ चाललं. जो माणूस अनोळखी मेंढपाळाला समजलं की नाही हे बघायला शेत तुडवत गेला, त्याच्यासमोर बसलेल्या शिकलेल्या माणसाला असा प्रश्नच पडत नव्हता. शेवटी त्या साहेबालाही काही वाटलं असावं. त्यानं हातानं बत्ती लावल्यासारखं केलं, कानांवर हात ठेवले, वाट पाहिली, आणि मग दोन्ही तळहात रिकामे पसरून दाखवले. म्हणजे बत्ती दिली, पण बार उडालाच नाही. आता काय करशील?

हे साडभाऊंना बरोबर समजलं. ते उठले, खुर्ची उलटी फिरवली, साहेबांकडे पाठ करून बसले आणि गप्प झाले.

इथं मला एक सांगावं लागेल. बार उडाला नाही की साडभाऊ 'बार रुसला' म्हणतात, आणि रुसलेल्या बारापुढं त्यांच्या टोळीचा एक रिवाज आहे. सगळ्यांनी विहिरीकडे पाठ करून जमिनीवर बसायचं आणि अर्धा तास तोंडातून अक्षर काढायचं नाही. त्यांच्या उस्तादानं घालून दिलेली ही शिस्त. विहिरीकडे तोंड असलं की माणसाला जाऊन बघावंसं वाटतं. कोणी बोललं की त्याचं पहिलं वाक्य हेच असतं, की जाऊन पाहू का. एक उठला की दुसरा उठतो. म्हणून पाठ आणि म्हणून मौन. त्या वेळात मी काठावर नाचून नाचून डिझेलचा हिशेब ओरडलो आहे, त्यांच्या आईबापाचा उद्धार केला आहे. साडभाऊंची मान वळलेली नाही. एवढ्या वर्षांत त्यांच्या टोळीतल्या एकाही माणसाचं बोट गेलेलं नाही.

साहेबांनी पुन्हा विचारलं. मग जरा मोठ्यानं, मग हिंदीत, मग टेबलावर पेन वाजवून. साडभाऊंची पाठ हलली नाही. शिपाई चहा ठेवून गेला, तो निवला. साहेबांचा चेहरा लाल झाला, त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि घंटी मारून पुढच्या माणसाला बोलावलं. उमेदवाराने उत्तर दिले नाही, वर्तन उद्धट, असं त्यात लिहिलं होतं म्हणे. म्हणे, कारण तेही इंग्रजीत होतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काऊन बोलले नाई?"

साडभाऊ माझ्याकडे असे पाहू लागले की जणू खुळा मी आहे. "बार रुसला होता ना जी," ते म्हणाले, आणि व्हरांड्यातल्या सगळ्यांनी ऐकलं.

मग मी आत घुसलो. बाजारात मी जे करतो तेच केलं. आधी अख्खी परीक्षा मराठीत मागितली. साहेब म्हणाले, तशी तरतूद नाही. दुभाषा मागितला. तरतूद नाही. निदान प्रश्न आमच्या बोलीत कोणी सांगावेत, उत्तरं ते हातानं देतील, असं म्हटलं. साहेब म्हणाले, ही सुरक्षिततेची बाब आहे, भाषेची नाही. हे ऐकून मी जो भडकलो तो भडकलोच. मी म्हटलं की सुरक्षितता म्हणजेच समोरच्याला समजणं, दुसरं काय. विहिरीवर कोणी इंग्रजीत 'पळा' म्हणून ओरडला तर मरेल कोण, तुम्ही की आम्ही? शेवटी मी माझं हुकमी हत्यार काढलं. सौदा फिसकटला असं दाखवून पाठ फिरवली आणि चालू लागलो. बाजारात असं केलं की मागून हाक येते. मी व्हरांडा संपवला, जिना उतरलो, फाटकापर्यंत गेलो. हाक आली नाही. सरकारी कार्यालयाला गिऱ्हाईक गेल्याचं दुःख नसतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. साडभाऊ वरच राहिले होते म्हणून मला मान खाली घालून पुन्हा जिना चढावा लागला. तसा अपमान माझा कोणा व्यापाऱ्यानं केलेला नाही.

वर पाण्याच्या कूलरपाशी तो चहावाला शिपाई उभा होता. पिकल्या मिशांचा, सेवानिवृत्तीला आलेला. "कोनत्या गावचे जी तुमी?" त्यानं विचारलं. तो आमच्या देवळीकडचाच निघाला, आणि त्याचा बाप विहिरीवर मजूर होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की दुभाष्याची तरतूद नाही हे खरं, पण कार्यालयाच्याच माणसानं प्रश्न समजावून सांगू नये असंही कुठं लिहिलेलं नाही. पुन्हा अर्ज करा, तसं लिहून द्या, साहेब माणूस वाईट नाही. मी तसं लिहून दिलं. साहेबांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं आणि सही केली.

मधल्या दिवसांत मी साडभाऊंच्या मागं हात धुऊन लागलो. म्हटलं, या वेळी पाठ फिरवायची नाही. तोंडानं सांगायचं, की आम्ही पाठ करून अर्धा तास गप्प बसतो. ते हो म्हणायचे. मेव्हणीसमोर बसवून मी तालीम घेतली. रुसलेल्या बाराबद्दल असं मोठ्यानं बोलताना त्यांना इतकी लाज वाटायची की प्रत्येक वेळी ते डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत. पण बोलायचे. मी निश्चिंत झालो.

दुसऱ्या वेळी शिपाई टेबलाशेजारी उभा राहिला. साहेब इंग्रजीत विचारायचे, तो आयुष्यभर दारामागून ऐकलेल्या इंग्रजीच्या बळावर आमच्या बोलीत सांगायचा. साडभाऊ तळातून काठावर सांगावं तसे उत्तर द्यायचे आणि खिडकीची तावदानं थरथरायची. दारू कुठं ठेवायची, पावसात काय करायचं, माणसं किती लांब न्यायची, सगळं आलं. मग तो प्रश्न आला. शिपायानं तो सांगितला. साडभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तोंड उघडलं. मग त्यांनी तोंड मिटलं, उठले, खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसले.

मी कपाळावर हात मारला. गेली विहीर, गेला परवाना, गेला आमचा माणूस. साहेबांनी पेन उचललं आणि शिपायाकडे पाहिलं. शिपायानं हातातला ट्रे हळूच कपाटावर ठेवला, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, साडभाऊंच्या शेजारी मांडलं आणि तोही साहेबांकडे पाठ करून बसला.

"क्या हुआ?" साहेब म्हणाले.

शिपाई मान न वळवता अगदी हळू बोलला. "साहब, जवाब चालू है."

साहेबांनी उघड्या दारातून माझ्याकडे पाहिलं. माझ्याजवळ बोलायला पुष्कळ होतं. चार भाषा, मेंढपाळ, उस्ताद, टोळीतली शाबूत बोटं, सगळा माल जिभेवर तयार होता आणि गिऱ्हाईक समोर होतं. काय झालं कोण जाणे, मी बाकावर वळलो आणि भिंतीकडे तोंड करून बसलो.

त्यामुळे पुढं साहेबांनी काय केलं ते मी पाहिलेलं नाही. फक्त ऐकलं. पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. फोन वाजला, वाजत राहिला आणि आपोआप थांबला. व्हरांड्यातून कोणीतरी फाइल घेऊन आलं आणि दारातून परत गेलं. नंतर पंख्याशिवाय काही नाही. मला भिंतीवरचा सुटलेला चुना दिसत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कशाचा भाव करत नव्हतो. खूप वेळानं साडभाऊंची खुर्ची सरकली आणि त्यांचा आवाज आला, "आता जाऊन पाहाले हरकत नाई."

परवाना आला. आष्टीची विहीर पाऊस यायच्या आत पूर्ण झाली, आणि तिथं ओरडताना साडभाऊंनी गोंडी सगळ्यात आधी घेतली, कारण घर गोंडांचं होतं. त्या दुसऱ्या परीक्षेवरून परतताना गाडीत मी साहेबाला, कार्यालयाला आणि इंग्रजीला शिव्या घालत होतो तेव्हा साडभाऊ एवढंच म्हणाले होते, "त्याची खुर्ची नाई वाजली भाऊ. शेवटपर्यंत उठला नाई. असा मानूस टोळीत पाह्यजे."

माझं समाधान झालेलं नाही. त्याच दिवशी बाकावर माझ्या शेजारी दुसऱ्या जिल्ह्यातला एक खडकफोड्या बसला होता. त्याच्या गावचा शिपाई तिथं नव्हता. तो आत जाऊन लगेच बाहेर आला, डबा न उघडता पिशवीत ठेवला आणि जिना उतरून गेला. त्यालाही कोणी हाक मारली नाही. माणसाचं पोट कार्यालयात चहा देणारा कोणत्या गावचा आहे यावर ठरत असेल तर त्याला परीक्षा म्हणू नका, लॉटरी म्हणा. तो शिपाई आता निवृत्त झाला. साहेबांची बदली झाली. अर्ज अजून इंग्रजीतच आहे. साडभाऊंच्या परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली की मी पुन्हा तो जिना चढणार आहे, आणि या वेळी पाठ फिरवून खाली उतरणार नाही.

हे सगळं परवा मी त्यांच्या अंगणात बसून तावातावानं सांगत होतो. त्यांचे गुडघे आता शिडीवर कुरकुरतात. दोन्ही पाय लांब करून ते ऐकत होते. बदली कुठं झाली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लांब, पार दुसऱ्या टोकाला. मग त्यांच्या मानानं खरोखरच हळू आवाजात म्हणाले, "तिथल्या लोकाइची भाषा येते का त्याले? नाई येत असन तर बिचाऱ्याले लई एकटं वाटन."

या प्रश्नावर कुठून भांडायला सुरुवात करावी, ते मला अजून सापडलेलं नाही.